स्लाइडचा रोल धुवायला कुठे द्यावा? परभणीहून घेतलेला अनुभव

महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असताना वर्गात दाखवण्यासाठी मी स्लाइड, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायची पारदर्शक छायाचित्रे, काढत असे. निवृत्तीनंतर जिल्ह्यातल्या बारवांची (पायऱ्यांच्या विहिरींची) छायाचित्रे काढण्याचे काम अंगावर घेतले, तेव्हाही कॅमेऱ्यात स्लाइड फिल्मच भरली. गेल्या वर्षभरात असे सहा रोल धुऊन घेतले, त्यांपैकी चार मुंबईतील एका छोट्या लॅबने आणि दोन दक्षिणेकडील एका शहरातल्या लॅबने धुतले. हे परीक्षण मुख्यतः मुंबईच्या लॅबचे आहे. तिचे नाव मी येथे देत नाही, कारण तिच्या उणिवाही मोकळेपणाने लिहायच्या आहेत आणि दोन माणसांच्या बळावर चाललेल्या व्यवसायाला एका ग्राहकाच्या शब्दाने धक्का बसावा, अशी माझी इच्छा नाही. शिवाय कोणते प्रश्न विचारायचे हे एकदा कळले, की कोणतीही लॅब पारखता येते.

निगेटिव्ह फिल्म धुताना थोडी चूक झाली तरी प्रिंट काढताना किंवा स्कॅन करताना ती बरीच झाकता येते. स्लाइडला तशी दुसरी संधी नसते, कारण कॅमेऱ्यातून गेलेली तीच पट्टी शेवटचे चित्र असते. स्लाइड फिल्म धुण्याच्या ई-६ या प्रक्रियेत पहिल्या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) फिल्मवर आधी कृष्णधवल निगेटिव्ह उमटते; मग रिव्हर्सल बाथमध्ये उरलेल्या चांदीच्या क्षारांवर रासायनिक क्रिया होते आणि रंगाच्या डेव्हलपरमध्ये त्या उरलेल्या भागातच रंग तयार होतात; शेवटी ब्लीच आणि फिक्सरमध्ये सगळी चांदी निघून जाते आणि फिल्मवर केवळ रंग राहतात. पहिला डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसवर असावा लागतो आणि त्यात अंशाच्या एक-तृतीयांशाहून जास्त फरक चालत नाही. तो थंड किंवा थकलेला असला तर स्लाइड काळपट येते, गरम असला किंवा वेळ जास्त दिला गेला तर फिकी पडते. ब्लीच नीट झाले नाही तर चांदी आतच राहते आणि सगळे रंग मळकट दिसतात. छायाचित्रकाराने एक्सपोजर कितीही काळजीने दिले असले, तरी त्या टाकीपुढे त्याचे काही चालत नाही.

नव्वदच्या दशकात आमच्याकडचे स्टुडिओवाले स्लाइडचे रोल घेत आणि आठवड्याच्या खेपेबरोबर मोठ्या शहरात पाठवत. माउंटमध्ये, म्हणजे छोट्या चौकटीत, बसवलेल्या छत्तीस स्लाइडचा पिवळा किंवा हिरवा डबा पंधरा दिवसांत हातात पडे, आणि मधे काय काय घडते याचा विचार करण्याची वेळच कधी आली नाही. पुढे डिजिटल कॅमेरे आले, मासिकांनी आणि कॅलेंडरवाल्यांनी पारदर्शिका मागणे सोडले, आणि ही साखळी एकेका कडीने तुटत गेली. १९३५ साली आलेली कोडाक्रोम ही स्लाइड फिल्म कोडॅकने २००९ मध्ये बंद केली. ती धुणारी जगातली शेवटची लॅब म्हणजे अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो. त्या लॅबने २०१० च्या अखेरीस कोडाक्रोमचे रोल घेणे थांबवले. कोडाक्रोममध्ये रंग घडवणारे घटक फिल्मच्या थरांत नसत, ते धुण्याच्या रसायनांतूनच येत, त्यामुळे ज्यांच्या घरी न धुतलेले रोल पडून राहिले त्यांचा रंगीत स्लाइडचा मार्ग तिथेच संपला. ई-६ च्या फिल्मची स्थिती त्या मानाने बरी आहे. कोडॅकची एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद झाली होती, पण २०१८ मध्ये ई१०० या नावाने परत आली. फुजीची प्रोव्हिया आणि वेल्वियाही जपून वापरणाऱ्यांना मिळवता येते. म्हणजे फिल्म मिळते, खरी अडचण ती धुण्याची आहे.

ही अडचण पहिल्यांदा मला कळली ती पळसाच्या एका रोलमुळे. सुमारे वीस वर्षांपूर्वी जिंतूरकडच्या माळावर फुललेल्या पळसाचा एक पूर्ण रोल मी जिल्ह्यातल्या एका स्टुडिओत दिला. स्लाइडचा रोल आहे असे तोंडी सांगितले होते, पण पाकिटावर लिहून घेतले नव्हते. त्या मुलाने तो नेहमीच्या रंगीत निगेटिव्हबरोबर सी-४१ च्या, म्हणजे निगेटिव्ह धुण्याच्या, यंत्रात घातला. हातात आली ती निगेटिव्हला असते तशी नारंगी झाक नसलेली, काचेसारखी स्वच्छ पट्टी, आणि तिच्यावर पळसाची फुले गडद निळी दिसत होती. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम तशाच होत्या. त्या मुलाचा दोष होता असे मला तेव्हाही वाटले नाही, कारण त्याने स्लाइडचा रोल कधी पाहिलाच नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक डबीवर जाड शाईने ‘ई-६, स्लाइड, फिल्म कापू नये’ असे लिहितो.

मुंबईच्या लॅबला पहिल्यांदा फोन केला तेव्हा दर विचारण्याच्या आधी मी एकच प्रश्न विचारला, की ई-६ ची पुढची खेप कधी लागणार आहे. समोरचे गृहस्थ क्षणभरही न घुटमळता म्हणाले, “सर, आम्ही बुधवारी लावतो. मंगळवारी संध्याकाळपर्यंत रोल पोचला तर त्याच खेपेत घेतो. दहा रोल जमले नाहीत तर तो बुधवार सोडतो, पण मग तुम्हाला तसा फोन करतो.” या उत्तरावरच मी रोल पाठवायचे ठरवले. ई-६ ची रसायने वापरली गेली नाहीत तरी हवेने बिघडत जातात. रोज भरपूर रोल येत असत तेव्हा टाकीत ताजे रसायन सतत भरले जाई आणि तिचा जोर टिकून राही. आता आठवड्याला पाच-सात रोल येत असताना तीच टाकी भरून ठेवणे म्हणजे ती हळूहळू मारणे आहे. म्हणून प्रामाणिक लॅब रोल साठवते, रसायन नव्याने कालवते आणि एका दिवसात सगळे धुऊन मोकळी होते. “केव्हाही पाठवा, लगेच करून देतो” असे सांगणाऱ्या लॅबकडे एक तर फार मोठे काम असले पाहिजे, नाही तर जुने रसायन. मला थांबणे मान्य आहे, फक्त किती थांबायचे ते आधी कळले पाहिजे.

परभणीहून रोल पाठवण्यातही विचार करावा लागतो. एक्सपोज झालेल्या फिल्मवरचे अदृश्य चित्र उष्णतेने बिघडते, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर जातो. बंद मालगाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मुंबईच्या लॅबचे पहिले दोन रोल मी स्वतःच देवगिरी एक्स्प्रेसने नेऊन दिले. नंतरचे स्पीड पोस्टाने पाठवले, तेही मृग लागल्यानंतर आणि आठवड्याच्या आरंभी, म्हणजे रविवारी पाकीट कुठे पडून राहू नये. रोल त्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत, डबी हवाबंद पिशवीत आणि पिशवी थर्मोकोलच्या पेटीत असा क्रम ठेवला. बर्फाची पिशवी मात्र आत घालू नये, कारण वाटेत ती वितळली की ओल थेट फिल्मपर्यंत पोचते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी लिहितो. पहिला रोल सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेचा होता. ही बारव चक्राकार आहे. पायऱ्या गोल वळण घेत खाली पाण्यापर्यंत उतरतात आणि सगळे बांधकाम आपल्या काळ्या बेसाल्ट दगडाचे आहे. स्लाइड फिल्मसाठी ही फार अवघड जागा आहे, कारण फिल्म जेमतेम पाच स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) सामावून घेते आणि सकाळी नऊनंतर वरच्या पायरीवरचे ऊन आणि तळाची सावली यांतला फरक त्याहून कितीतरी जास्त होतो. मी उजाडताच पोचलो होतो आणि प्रत्येक जागेचे अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घेतले होते, म्हणजे लॅबची चूक आणि माझी चूक वेगवेगळी ओळखता यावी.

पट्टी लाइट बॉक्सवर ठेवली तेव्हा चित्राच्या आधी मी दोन फ्रेममधली जागा पाहिली. एक्सपोज न झालेला तो भाग स्लाइडमध्ये पूर्ण काळा असला पाहिजे; तिथे तपकिरी किंवा हिरवट झाक दिसली तर टाकीत काहीतरी बिघडले आहे असे समजावे. येथे तो काजळासारखा काळा होता आणि कडेचे आकडे स्वच्छ दिसत होते. मग दहापट मोठे दाखवणारे भिंग, म्हणजे लूप, डोळ्याला लावला. सातव्या फ्रेममध्ये तिसऱ्या वळणावरच्या पायरीच्या सांध्यात उगवलेले एक लहान नेचे दिसले. त्याची पाने पोपटी आणि मागचा दगड काळा होता, पण तो एकसारखा काळा नव्हता. छिन्नीच्या घावांच्या खुणा एकेक मोजता येत होत्या आणि सावलीत जी किंचित निळी छटा असते ती तेवढीच उतरली होती. कॅमेऱ्याच्या मोजमापाप्रमाणे घेतलेली मधली फ्रेमच तिन्हींत योग्य ठरली, याचा अर्थ पहिल्या डेव्हलपरचे तापमान आणि वेळ त्या दिवशी बिनचूक होते. शिकवण्याच्या तीस वर्षांत मी शेकडो स्लाइड हाताळल्या, पण इतके शुद्ध काम फार थोड्या वेळा पाहिले.

उणिवा तीन आढळल्या. तिसऱ्या रोलवर चार फ्रेममधून जाणारा एक बारीक समांतर ओरखडा आला होता. फोन केल्यावर त्यांनी नाकारले नाही. पट्टी परत मागवून पाहिली, सुकवण्यासाठी टांगताना झाले असावे असे कबूल केले आणि पुढचा रोल विनामूल्य धुतला. दुसरी उणीव स्कॅनची आहे. त्यांनी दिलेल्या स्कॅनमध्ये बारवेचा तळ सपाट काळा दिसतो, पण त्याच स्लाइडमध्ये लूपने पाहिले तर पाण्यावरचे शेवाळ स्पष्ट दिसते. ज्यांना केवळ संगणकावर चित्रे पाहायची आहेत त्यांना यामुळे फिल्मच वाईट आली असे वाटेल. म्हणून त्यांच्याकडून स्कॅन घेऊ नये, फक्त धुऊन घ्यावे, असे मी सांगेन. तिसरी उणीव अशी, की ते माउंट लावून देत नाहीत; लांब पट्ट्या पारदर्शक पाकिटात घालून पाठवतात. माझ्यासाठी हे सोयीचेच आहे, कारण अंधाऱ्या फ्रेममध्ये कापण्याची रेघ चुकते हे पूर्वी भोगले आहे आणि पन्नास मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे माउंट मी घरीच बसवतो. पण प्रोजेक्टर बाळगणाऱ्या नव्या माणसाला याची कल्पना असलेली बरी.

दक्षिणेकडील लॅबविषयी थोडक्यातच लिहितो. तेथे फिरत्या ड्रममध्ये थोड्या रसायनात धुण्याची पद्धत आहे, आणि ती पद्धत स्वतः चांगली आहे, कारण दर वेळी ताजे रसायन वापरता येते. मात्र खेप केव्हा लागेल हे कुणी सांगितले नाही, मे महिन्यात गेलेले माझे रोल पाच आठवडे तेथे होते आणि दोनदा विचारूनही नेमके उत्तर मिळाले नाही. परत आलेल्या स्लाइड अर्ध्या स्टॉपने काळपट आहेत आणि सावलीत किरमिजी झाक आहे. हा दोष उन्हाळ्याचा की रसायनाचा, हे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही, आणि मला त्रास होतो तो नेमका याचाच. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या मंदिराच्या बाह्य भिंतीवरची शिल्पे त्या रोलमध्ये होती.

खर्च कमी नाही. मुंबईची लॅब एका रोलमागे ८५० रुपये घेते, स्पीड पोस्टाचा जाण्यायेण्याचा खर्च वेगळा, आणि रोल विकत घेतानाच अडीच-तीन हजार रुपये गेलेले असतात. म्हणजे छत्तीस फ्रेमपैकी प्रत्येक फ्रेम शंभर रुपयांच्या आसपास पडते. घरी तीन बाथचे किट आणून धुण्याचा सल्ला मित्र देतात. मी एकदा तो विचार गांभीर्याने केला, पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे दुपारचे पाणीच अडतीस अंशांच्या वर असते, बोअरचे पाणी इतके जड की सुकताना फिल्मवर पांढरे डाग पडतात, आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. थंडीच्या दिवसांत डिस्टिल्ड वॉटर वापरून ज्यांना हे जमेल त्यांनी जरूर करावे. मला माझ्या बारवांचे फोटो त्या प्रयोगात घालायचे नाहीत.

लॅबच्या गृहस्थांनी मागच्या वेळी फोनवर सांगितले, की आता दहा रोल जमायला कधी कधी तीन बुधवार लागतात. हे ऐकल्यापासून परभणी आणि नांदेडच्या ज्या ओळखीच्यांकडे फिल्मचे कॅमेरे आहेत, त्यांना मी विचारायला सुरुवात केली आहे. दोघांकडे जुन्या प्रोव्हियाचे मिळून तीन रोल निघाले, माझे चारठाण्याच्या मंदिरांचे दोन रोल फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात आहेत, आणि आम्ही ते पाचही रोल एकाच पेटीत घालून येत्या सोमवारी पाठवणार आहोत.