अल्फाफोल्ड सर्व्हर: फुकट आहे, भारी आहे, पण केमिस्ट्रीवाल्यांनी जरा जपून

अल्फाफोल्ड सर्व्हर म्हणजे प्रोटीनचा आकार कसा असेल याचा एआयने अंदाज बांधणारी गूगल डीपमाइंडची वेबसाइट. गूगलचं अकाउंट असलं की झालं, इन्स्टॉल काही करायचं नाही, जीपीयू बिपीयू (एआयला लागणारी महागडी चिप) नको, सिक्वेन्स (प्रोटीनमधल्या अमिनो अ‍ॅसिडचा क्रम) पेस्ट करा आणि थोड्या वेळात थ्रीडी स्ट्रक्चर हजर. स्ट्रक्चर शोधायला प्रोटीनचे क्रिस्टल वाढवण्यात लोकांची अख्खी पीएचडी जायची, त्याचा निदान अंदाज तरी आता बसल्या जागी मिळतो. अल्फाफोल्ड बनवणाऱ्या डीपमाइंडच्या हसाबिस आणि जंपरला 2024 चं केमिस्ट्रीचं नोबेल उगाच नाही मिळालं.

हिमोग्लोबिन टाकून बघा. अल्फा चेनच्या दोन कॉपी, बीटाच्या दोन आणि लिगँडच्या (प्रोटीनला चिकटणारे छोटे रेणू) यादीतून चार हीम, म्हणजे लोह धरणारा रेणू (युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवरून सिक्वेन्स उचलत असाल तर सुरुवातीचा एम, म्हणजे मेथिओनिन, उडवा, पेशीत तो कापला जातो). हीम बरोबर आपापल्या खोबणीत बसलेलं दिसतं, लोहाला प्रोटीनमधलं हिस्टिडिन हे अमिनो अ‍ॅसिड टेकलेलं. अर्थात हे स्ट्रक्चर त्याने शिकतानाच पाहिलेलं आहे, त्यामुळे फार कौतुक नको. रंग मात्र झकास, गडद निळा म्हणजे भरवसा, नारिंगी म्हणजे रामभरोसे.

आता बीटा चेनमध्ये सहाव्या जागेचं ग्लुटामिक अ‍ॅसिड काढून व्हॅलिन टाका, म्हणजे सिकल सेलवालं. चित्र जवळपास तेच येतं! तशी यात चूक पण नाही म्हणा, सुटा रेणू बघितला तर फार फरक नसतोच, खरा घोळ ऑक्सिजन सुटल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब फायबर बनवतात तिथे आहे. पण म्युटेशन टाकलं, चित्र बदललं नाही, म्हणजे ते निरुपद्रवी असं समजणारे खूप आहेत, त्यांना हे दाखवा.

खरी अडचण लिगँडची. यादीत एटीपी, एनएडी, हीम अशी ठरलेली मंडळी, स्वतः बनवलेला रेणू टाकायची सोयच नाही, म्हणजे औषध शोधणाऱ्याला नेमकं जे हवं तेच गायब. नोव्हेंबर 2024 मध्ये डीपमाइंडने यामागच्या मॉडेलचा कोड दिला, त्यात स्माइल्स (रेणू अक्षरांत लिहायची पद्धत) चालतं, पण मग जीपीयू तुमचा, वेट्ससाठी (मॉडेलने शिकलेले आकडे, त्याशिवाय कोड चालत नाही) अर्ज करा आणि तेही नॉन-कमर्शियल कामासाठीच. वर लिगँडचं कायरल सेंटर (डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं होतात तो अणू) कधीकधी उलटं येतं, आर रूपाचं एस झालं की सगळंच ओम फस.

कॉम्प्लेक्स, म्हणजे एकाहून जास्त रेणू एकत्र, टाकलंत तर आधी आयपीटीएम (रेणू एकमेकांशी कसे जुळतात त्या अंदाजावरचा भरवसा, 0 ते 1) बघा, 0.8 च्या वर असेल तर पुढे जा, 0.6 च्या खाली असेल तर चित्र कितीही देखणं असू दे, थिसिसमध्ये चिकटवू नका. पाचपैकी चार स्टार, एक लिगँडसाठी कापला.