अंश, छेद आणि कोप्या: सार्वजनिक आरोग्याच्या ऑनलाइन पदव्युत्तर पदवीचा तीन वर्षांचा अनुभव

करवीर तालुक्यातील नदीकाठच्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करत असताना, सप्टेंबर २०२२ मध्ये मी एका ब्रिटिश विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यातील समन्याय या विषयाच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि २०२५ मध्ये तो पूर्ण केला. माझे मूळ शिक्षण बीएएमएसचे. संख्याशास्त्राशी माझा संबंध बारावीनंतर सुटला होता, आणि इंग्रजीतून तीन-तीन हजार शब्दांचे निबंध लिहिण्याची सवय अजिबात नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढचा अभिप्राय अशाच तयारीच्या माणसाचा आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एका संस्थेची जाहिरात किंवा तक्रार करण्यापेक्षा, कोल्हापुरात नोकरी करत असे शिक्षण घेणाऱ्याच्या वाट्याला काय येते, एवढेच मला सांगायचे आहे.

रचना आधी सांगते. ब्रिटनमधील पदव्युत्तर पदवी १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे एकूण १,८०० तास. ते तीन वर्षांवर पसरले तर आठवड्याला साधारण साडेअकरा तास होतात, आणि माझा अनुभव असा की हा हिशेब कागदावरचा नसून खरोखरच तेवढा वेळ जातो. ६० क्रेडिट पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र घेऊन आणि १२० वर पदविका घेऊन बाहेर पडता येते. शेवटचे ६० क्रेडिट प्रबंधाचे. थेट तास लंडनच्या वेळेनुसार संध्याकाळी सहाला असत. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा वाजतात आणि ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळे मागे गेली की साडेअकरा. सकाळी लसीकरणाचे सत्र असेल त्याच्या आदल्या रात्री हे तास जड जात. ध्वनिचित्रमुद्रण नंतर पाहता येते, पण प्रश्न विचारण्याची संधी त्यात नसते, आणि माझे सर्वांत उपयोगी शिक्षण प्रश्नोत्तरांतच झाले.

गुणांविषयी एक सूचना करावीशी वाटते. तिकडे ५० ला उत्तीर्ण, ६० ला त्यावरची श्रेणी आणि ७० ला विशेष प्रावीण्य मिळते. पहिल्या निबंधाला ६२ गुण मिळाले तेव्हा मी दोन दिवस खिन्न होते. आपल्याकडच्या नव्वदीच्या सवयीमुळे ते नापास झाल्यासारखे वाटले; प्रत्यक्षात तो निबंध चांगला ठरला होता.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे शिकवले काय. साथरोगशास्त्राच्या पहिल्याच घटकात १८५४ सालची लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटची पटकीची (कॉलऱ्याची) साथ येते. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडून पाण्याच्या एका पंपाकडे बोट दाखवले, हे मी पूर्वीही वाचले होते. या अभ्यासक्रमाने वेगळे केले ते असे, की त्याच पद्धतीने आपल्या परिसरातील एखादी साथ मांडायला लावली. मी २०१२ सालची इचलकरंजीची काविळीची साथ घेतली. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की हिपॅटायटिस ई कसा पसरतो, गर्भवतींना तो अधिक घातक का ठरतो, आणि तक्रार नोंदवू शकणारी वस्ती व न शकणारी वस्ती यांत नोंदींचा किती फरक पडतो, हे त्या एका लेखनकामात मला जितके समजले तितके आधीच्या पाच वर्षांच्या नोकरीत समजले नव्हते.

विषमतेचा भाग सर्वांत समृद्ध होता. ब्रिटनमधील सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. ती माणसे उपाशी नव्हती, बेकार नव्हती, आणि सर्वांना सरकारी आरोग्यसेवा उपलब्ध होती. तरीही खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचे मृत्युप्रमाण वरच्या श्रेणीपेक्षा कितीतरी जास्त आढळले, आणि मधल्या श्रेणी बरोबर मध्ये होत्या. म्हणजे आरोग्याचा प्रश्न गरीब आणि श्रीमंत अशा दोन डब्यांचा नाही, तो जिन्यासारखा पायरीपायरीचा आहे. पुढे याच अभ्यासांचे मायकेल मार्मट जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक निर्धारकांवरील, म्हणजे आरोग्य ठरवणाऱ्या सामाजिक परिस्थितीवरील, आयोगाचे अध्यक्ष झाले आणि २००८ मध्ये त्या आयोगाचा अहवाल आला. ज्युलियन ट्युडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी १९७१ मध्ये मांडलेला नियमही इथेच भेटला: चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे जास्त, तिथे ती मिळण्याची शक्यता कमी, आणि सेवा जितकी बाजारावर सोपवलेली तितका हा नियम अधिक कडक. कोल्हापूरच्या राजारामपुरीत पावलापावलावर दिसणाऱ्या हॉस्पिटलांच्या पाट्या आणि सुमारे ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यातून प्रसूतीसाठी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणली जाणारी बाई, हे दोन्ही ज्याने पाहिले आहे त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

इथे शब्दाविषयी थोडे बोलते. या विषयाच्या नावातील ‘इक्विटी’ या संकल्पनेला मराठीत कोणी समता म्हणते, कोणी समानता. मला समन्याय हा शब्द योग्य वाटतो आणि तो आपल्याकडे आयता आहे. समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीने तो गावोगाव नेला आहे. ज्याच्या शेताला पाणी पोचत नाही त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था करणे हा अन्याय नाही, हे आपल्या भागातील शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. आणि कोल्हापूरला तर हा विचार परका कधीच नव्हता. १९०२ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९१९ मध्ये सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या रुग्णांनाही इतरांप्रमाणेच वागणूक मिळावी असा आदेश काढला. हे मी एका निबंधात लिहिले तेव्हा शिक्षिकेने संदर्भ मागवून घेतले आणि पुढच्या तासाला वर्गासमोर मांडायला लावले. मात्र मूळ वाचनयादीत आपल्याकडचे फार थोडे होते. गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला प्रयोग होता, जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा ओझरता उल्लेख होता, आणि बाकी उदाहरणे ब्रिटन-अमेरिकेची. भोर समितीचा १९४६ चा अहवाल, ज्यावर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची उभारणी आधारलेली आहे, तो मला स्वतःहून शोधून वाचावा लागला. ही उणीव मला मोठी वाटते.

संख्याशास्त्र ‘आर’ या मोफत प्रणालीवर शिकवले. पहिले तीन महिने कठीण गेले, पण शिकवण्याची पद्धत उत्तम होती. दर काढताना वरचा अंश आणि खालचा छेद यांतला छेद कुठून आला हे प्रत्येक वेळी लिहावेच लागे, आणि याच सवयीने माझे काम बदलले. आमच्या उपकेंद्राच्या नोंदवहीत लसीकरण जवळजवळ पूर्ण दिसत असे, कारण यादीतील मुलांपैकी जवळजवळ सर्वांना लस मिळालेली असे. पण यादी गावच्या घरांची. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात, नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजली जाते आणि त्यांची लहान मुले मात्र कुठेच मोजली जात नाहीत. मी विचारले तेव्हा आमच्या आशाताई म्हणाल्या, ‘‘मॅडम, ती पोरं आपल्या गावची न्हाईत की, मग यादीत कशी घालायची?’’ त्यांची चूक काहीच नव्हती. छेद ज्याने ठरवला त्याने ती मुले बाहेर ठेवली होती, आणि मीही तीन हंगाम तोच आकडा पुढे पाठवत आले होते.

प्रबंध याच विषयावर करायचा असे मी ठरवले आणि अभ्यासक्रमाची सर्वांत कमकुवत बाजू तिथे दिसली. कोप्यांवर जाऊन माहिती गोळा करायची तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीबरोबर इथल्या समितीचीही मान्यता हवी. हा नियम योग्यच आहे, पण त्यासाठी दिलेला अवधी इतका अपुरा होता की आमच्या तुकडीतील बहुतेकांना प्रकाशित साहित्याचा आढावा घेण्याचा सल्ला मिळाला. शेवटी मी पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची (२०१९-२१) माहिती वापरली. त्यातून जिल्ह्याचे चित्र मिळते. फडावरच्या कोप्यांचे वेगळे मिळत नाही. ज्या मुलांसाठी विषय निवडला ती प्रबंधातही आली नाहीत, आणि त्यांच्या अनुपस्थितीवर मला एक पूर्ण प्रकरण लिहावे लागले. मार्गदर्शकांनी ते प्रकरण फार आपुलकीने वाचले हेही नमूद करते.

दुसरा कटू अनुभव जुलै २०२४ चा. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती, मी स्थलांतरितांच्या छावणीत डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या आणि क्लोरीन वाटत होते, आणि त्याच आठवड्यात एक लेखनकाम द्यायचे होते. मुदतवाढीच्या अर्जाला पुराचा पुरावा जोडा असे उत्तर आले. मी पाण्यात बुडालेल्या रस्त्याचे छायाचित्र पाठवले, तर त्यावर अधिकृत शिक्का हवा असे कळवले गेले. आपत्तीचा भार कोणावर अधिक पडतो हे शिकवणाऱ्या विभागाच्या कार्यालयाकडून हे यावे, याचे मला फार वाईट वाटले. मुदतवाढ अखेर मिळाली, ती एका शिक्षकांनी मध्यस्थी केल्यामुळे.

पैशांचा प्रश्न सर्वांनाच असतो. अर्धी फी शिष्यवृत्तीतून भागली. उरलेली घरची ठेव आणि पतसंस्थेचे कर्ज यांतून भरली. हप्ते पौंडांत असल्याने दर वेळी विनिमय दर आणि बँकेचे शुल्क वेगळे मोजावे लागले. शिष्यवृत्ती नसती तर मी हा अभ्यासक्रम घेतला नसता आणि इतरांनाही घ्या म्हणणार नाही. ज्यांना नोकरी सोडून दोन वर्षे देता येतात त्यांनी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा किंवा तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्राचा पर्याय आधी पाहावा. तिथे प्रत्यक्ष क्षेत्रकार्य मिळते आणि ओळखीही इथल्या कामाच्या होतात. सरकारी पदासाठी पदवी हवी असेल तर तिच्या मान्यतेबद्दल फी भरण्यापूर्वी संबंधित कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. प्रवेश विभागातील व्यक्ती फोनवर ‘जगभर मान्य’ असे सांगते, त्यावर विसंबू नये. ज्याच्या हाताखाली आधीच एखादी नोंदवही, वस्ती किंवा वॉर्ड आहे, त्याने मात्र निदान ६० क्रेडिटचे प्रमाणपत्र घेऊन पाहावे. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र आणि विषमतेचा घटक एवढे त्यात आले तर पुष्कळ झाले.

पदवीचे प्रमाणपत्र कुरिअरने आले त्या महिन्यात कारखान्याचा हंगाम सुरू होत होता. मुकादमाकडून टोळ्यांची यादी घेऊन आशाताई आणि मी संध्याकाळी फडावर गेलो, कारण दिवसा कोप्यांत म्हातारी माणसेसुद्धा नसतात. आशाताईंनी नोंदवहीत मागच्या बाजूने नवे पान सुरू केले आणि मुलाचे नाव, वय, मूळ गाव, माता-बालसंरक्षण कार्ड आहे की नाही असे रकाने स्वतःच आखले. मूळ गावच्या रकान्यापुढे त्यांनी आणखी एक रकाना ओढला आणि त्यावर लिहिले: पुढे कुठे जाणार.