पुरानंतर बांधावर येणारा सल्ला : एका सेवेचा अनुभव

पूर ओसरल्यावर मदतीला येणारे बहुतेक जण एकतर तातडीची शिधासामग्री देऊन जातात, नाहीतर नुकसानीचा आकडा लिहून घेतात. आम्ही ज्या शेती सल्ला सेवेचा लाभ घेतला, तिचे काम याच्या पुढे सुरू होते. शेतात उतरून माती पाहायची आणि कोणते काम आधी, कोणते नंतर, हे शेतकऱ्याबरोबर बसून ठरवायचे, अशी तिची पद्धत आहे.

पाणी उतरून आठवडा झाला होता. वरची माती तडकलेली दिसत होती आणि ट्रॅक्टर घालायची आम्हाला घाई झाली होती. आलेल्या सल्लागार बाईंनी बोलण्याआधी कुदळ मागितली. हातभर खड्डा घेतल्यावर वीतभर खालची माती निळसर करडी निघाली आणि तिला सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. त्यातली मूठभर माती त्यांनी तळहातावर वळली, तेव्हा तिची दोरी न तुटता लांबत गेली. "दादा, वाफसा फक्त वरच्या दोन बोटांना आलाय. आता नांगर घातलात तर खाली घट्ट थर बसेल आणि मुळे तिथेच अडतील," असे त्या म्हणाल्या. वाफसा म्हणजे मशागतीला योग्य अशी बेताची ओल. आम्ही थांबलो, चर मोकळे केले आणि साचलेल्या पाण्याला वाट करून दिली. या सेवेने दिलेला हाच सल्ला आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला, कारण पुरानंतर स्वस्थ बसणे शेतकऱ्याच्या जिवावर येते आणि तेव्हा 'थांबा' म्हणणारा माणूस जवळ लागतो.

नुसते थांबवून त्या गेल्या नाहीत, कारणही सांगितले. पाण्याखालच्या मातीतला प्राणवायू एकदोन दिवसांत संपतो, नायट्रेटच्या रूपातले नत्र वायू होऊन उडते किंवा पाण्याबरोबर खाली झिरपते, आणि मुळांना स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणारी उपयुक्त बुरशी बराच काळ पीक नसले की कमी होते. म्हणून मोकळी पडलेली जमीन तशीच न ठेवता लवकर उगवणारे हिरवळीचे (खत म्हणून जमिनीत गाडायचे) पीक घ्यावे आणि पुढच्या पेरणीत स्फुरद बियाण्याजवळ द्यावे, असे त्यांनी सुचवले. गाळाचा हिशेबही मोजपट्टी लावूनच झाला : 5 सेंटिमीटरपर्यंतचा थर साध्या मशागतीत मिसळतो, साधारण 20 सेंटिमीटरपर्यंतच्या थराला खोल नांगरट लागते, आणि त्याहून जाड थर आधी पसरावा किंवा उचलावा लागतो. वाळू असेल तर काळजी अधिक, कारण ती ओल धरत नाही.

विहिरीचे पाणी उपसून, निर्जंतुक करून, तपासल्याशिवाय पिऊ नये आणि बुडालेली पंपाची मोटार पूर्ण वाळवून तपासल्याशिवाय सुरू करू नये, हे त्यांनी थोडक्यात सांगितले. भिजलेल्या चाऱ्याच्या गंजीत मात्र त्यांनी लांब दांड्याचा तापमापक स्वतः खुपसून दाखवला. ओला चारा आतून तापत जातो. 65 अंश सेल्सिअसच्या पुढे धोका वाढतो आणि 80 च्या आसपास गंज पेटू शकते. तापलेली गंज घाईने उकरली तर आत हवा शिरते आणि आगीला वाव मिळतो, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते.

आता उणिवा. नुकसानीचा अर्ज भरून देण्यास सेवेची मदत झाली, परंतु तो एकाच भेटीत पुरा करण्याचा त्यांचा आग्रह होता. फळझाडांची मुळे गुदमरल्याचे पुष्कळदा महिन्यांनी दिसते, जनावरांच्या खुरांचे विकार चिखलात राहिल्यानंतर काही दिवसांनी उघड होतात, आणि तोवर अर्ज बंद झालेला असतो. आमची मोसंबीची झाडे पाने गाळू लागली तेव्हा नोंद करायला जागाच उरली नव्हती. शेजारी दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुटुंबाला तर नाव उताऱ्यावर नाही म्हणून भेटच मिळाली नाही, जरी बी-खताचा सगळा खर्च त्यांनीच केला होता. मातीला जाणणाऱ्या या सेवेने ती कसणाऱ्यालाही मोजले पाहिजे, असे आम्ही त्यांना लेखी कळवले आहे.

ही सेवा बोलावणाऱ्यांनी साफसफाईला हात लावण्याआधी गाळ, पडलेली कुंपणे आणि भिजलेला साठा यांची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत, आणि दुसरी भेट पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. आम्ही ती मागितली नाही आणि ती झालीही नाही.