सिंहगडाचे दोन फेरे की पाचगणीची एकच लांब राइड?

पहिली 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) तोंडावर आली की पुण्याच्या सायकलवाल्यांत हा वाद ठरलेला. एक गट म्हणतो, सिंहगड दोनदा चढा, पाय आपोआप तयार होतात. दुसरा म्हणतो, एकदा पाचगणी करून या, मग कसली भीती राहत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण जोडीला मित्र असेल तर नुसता घाट बघून ठरवू नका. तुमच्या आणि त्याच्या चढावरच्या वेगात किती अंतर आहे, ते आधी बघा.

आधी चढाचं बोलू. गंमत अशी की उंचीचा हिशेब दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. वाई समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर, पाचगणी 1,300च्या आसपास. म्हणजे पसरणी घाटात सहाशेक मीटर चढायचं. सिंहगडाला पायथ्याच्या गोळेवाडीपासून वरच्या पार्किंगपर्यंतही थोड्याफार फरकाने तेवढंच. फक्त पसरणीत ही उंची बाराएक किलोमीटरवर पसरलेली आहे आणि सिंहगडावर नऊएक किलोमीटरमध्ये कोंबलेली.

हा फरक पायांना लगेच कळतो. पसरणीत साधारण पाच टक्क्यांचा चढ एकसारखा मिळतो. एकदा गिअर लागला की श्वास आणि पेडल जुळतात, खाली कृष्णेचं खोरं उलगडत जातं, बोलतबोलत चढता येतं. सिंहगडावर लय लागू लागली की पुढचं वळण ती मोडतं. मधले काही तुकडे दहा टक्क्यांच्या वर जातात, हँडल डावी-उजवीकडे भटकायला लागतं, घाम टपटप सायकलच्या वरच्या दांड्यावर पडतो. तिथे ऐनवेळी जोर लावून गिअर बदलला की चेन कडाकड वाजते आणि कधी उतरतेही. त्यामुळे चढ सुरू व्हायच्या आधीच हलक्या गिअरवर यायची सवय सिंहगड फार चांगली लावतो. सर्वात हलक्या गिअरला पुढच्या चक्रीला 34 आणि मागच्या चक्रीला 32 दात असतील तर ठीक. मागे 28 असेल आणि सराव नसेल तर दुसऱ्या फेरीला गुडघे बोलतील.

आता मित्राचं. तो तुमच्यापेक्षा बराच वेगवान, किंवा बराच हळू असेल तर डोळे झाकून सिंहगड घ्या. पुढचा वर पोचला की थंड पडत बसायची गरज नाही. वळायचं, खाली येऊन मागच्याला गाठायचं आणि उरलेला चढ त्याच्यासोबत पुन्हा करायचा. एकाचा व्यायाम जास्त होतो, दुसऱ्याला सोबत मिळते, कुणाचा खोळंबा नाही. स्वारगेटहून निघून दोन फेऱ्या मारून परत आलं तर ऐंशीएक किलोमीटर होतात. पहाटे निघालात तर जेवायच्या आत घरी.

पाचगणीला हीच विषमता अंगावर येते. स्वारगेट ते पाचगणी साधारण 100 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण 200. कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, आणि मग पसरणी. इतक्या अंतरात ‘तू हो पुढे, मी येतो’ दोनदा ऐकून घेतलं जातं, तिसऱ्यांदा त्याचा सूर बदलतो. घाटात ज्याने त्याने आपापल्या वेगाने चढावं आणि पाचगणीच्या तोंडाशी दांडेघर नाक्यावर भेटावं, हे निघण्याआधीच बोलून घ्या. हायवेवर मात्र एकत्र राहा, आळीपाळीने पुढे या, मागच्याला वारा कमी लागतो. फक्त आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवू नका. पुढचा जरा हलला की पडतो तो मागचा.

तरीही दोघांचा वेग जुळत असेल तर मी पाचगणीच सुचवेन. बीआरएमला 200 साठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा, पंक्चर, वाटेतल्या तपासणी-थांब्यांवरच्या सह्या-शिक्के सगळं धरून ताशी पंधराच्या किंचित खाली. पाय एवढं बहुतेकांचे देतात. दगा देतं ते पोट आणि बूड. पाच तासांनंतर सीट कुठे टोचते, सहाव्या तासाला केळं नकोसं होतं का, नुसतं पाणी पिऊन गोळे येतात की लिंबू-मीठ-साखरेने भागतं, हे सिंहगडावर कधीच कळत नाही, कारण तेवढ्यात तुम्ही घरी आलेले असता. (दोन फेऱ्यांच्या मध्ये पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हाणायचा मोह आवरा. ते दुसरी फेरी उतरायच्या आधी.)

धोके दोन्हीकडे आहेत, पण वेगवेगळे. सिंहगडाच्या उतारावर वळणावळणावर बारीक खडी असते, रविवारी नऊनंतर समोरून गाड्यांची रांग. रिम ब्रेक सतत दाबून ठेवू नका, टप्प्याटप्प्याने दाबा. पावसाळ्यात दरडींमुळे हा रस्ता बंदही होतो. पाचगणीचा खरा त्रास घाटात नाही, हायवेवर ट्रकांचा आहे. परतताना खंबाटकीच्या बोगद्यात मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हवंच, आणि त्यापुढच्या उताराच्या वळणांवर वेग आवरा. तिथले अपघात सर्वांना ठाऊक आहेत.

लवासा हा तिसरा पर्याय लोक सांगतात. टेमघरच्या पुढचा चढ उत्तम, पण पंक्चरची सामग्री विसरलात तर मदतीला माणूस शोधावा लागतो.

पाचगणी ठरलीच तर ती बीआरएमच्या किमान दोन आठवडे आधी करा, आणि अर्ध्यातून परतायचं कसं हेही ठरवून ठेवा. सिंहगडावरून उतार सोडला की घर येतं. वाईहून स्वारगेटची एसटी आहे, सायकल घेतील की नाही ते कंडक्टरच्या मर्जीवर.