व्हेन्लोच्या एजन्सीत सात महिने : माझा अनुभव

सीमेपलीकडे जर्मनीत, क्रेफेल्डच्या गोदामात वर्षभर काम केलं आणि 2025 च्या जुलैत नेदरलँड्समधल्या व्हेन्लोच्या, कामगार पुरवणाऱ्या एका एजन्सीकडे नाव नोंदवलं. जर्मनीत तेव्हा तासाला 12.82 युरो किमान वेतन होतं, नेदरलँड्समध्ये 14.40. आठवड्याला 40 तास धरले तर 63 युरोंचा फरक, तोही कर कापण्याआधीचा. शिवाय इथे 8 टक्के सुट्टी भत्ता वेगळा मिळतो.

एजन्सीतल्या ताईंनी पहिल्याच दिवशी अर्धा तास बसून पगारपत्रकाची ओळ न् ओळ समजावली. 2024 च्या आधी इथे किमान वेतन महिन्यावर ठरायचं, त्यामुळे 40 तासांच्या आठवड्यात राबणाऱ्याला 36 तासांवाल्यापेक्षा तासाला कमी पडायचं. आता दर तासावरच ठरतो. हे मला जर्मनीत राहून कधीच कळलं नसतं.

पण माझ्या खोलीतल्या वीस वर्षांच्या मुलीला त्यांनी आधी काहीच सांगितलं नाही. इथे 21 पूर्ण झाल्याशिवाय पूर्ण दर नाही, विसाव्या वर्षी तेव्हा 80 टक्केच होता, म्हणजे तासाला 11.52 युरो. जर्मनीत तिला अठरापासूनच पूर्ण दर मिळाला असता. पहिलं पगारपत्रक हातात घेऊन ती रडली. हे नोंदणीच्या वेळीच सांगायला हवं होतं, म्हणून रेटिंगमधला एक तारा कापतेय.

शिफ्टचा निरोप मात्र रात्री उशिरा येतो. एकवीस पूर्ण केलेल्यांनी जरूर जावं.