गावातला सर्व्हर पुण्यातून उघडायचा: वायरगार्ड, ओपनव्हीपीएन की टेलस्केल?

सर्व्हर यवतमाळ जिल्ह्यातल्या घरी आणि तुम्ही नोकरीला पुण्यात, तर व्हीपीएन (दूरच्या नेटवर्कशी इंटरनेटवरून सुरक्षित जोडणी) निवडण्याआधी घरी फोन करा. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता, वाचून घ्या. तो 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. मग राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून येणारी जोडणी घरातल्या मशीनकडे वळवा), आयपीव्ही4 वरून, म्हणजे जुन्या प्रकारच्या आयपी पत्त्यावरून, कुणी आत येत नाही. सिमवरच्या फोर-जी राउटरला बहुतेक हेच असतं.

सार्वजनिक आयपी असेल तर बिनधास्त वायरगार्ड घ्या. 2020 पासून तो लिनक्स कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे, यूडीपीचा (डेटा पाठवण्याची एक पद्धत) एक पोर्ट पुरतो, आणि ओळखीची की (डिजिटल किल्ली) नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. मेख एवढीच, की आयपी बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला जोडलेलं कायमचं नाव) लागतं आणि क्लायंट, म्हणजे तुमच्याकडचं मशीन, त्या नावाचा आयपी टनेल (व्हीपीएनची जोडणी) सुरू होतानाच शोधतो. गावात लाइन गेली, राउटर नवा आयपी घेऊन उठला, की इकडे टनेल बंद करून पुन्हा चालू करावं लागतं.

ओपनव्हीपीएन जड, त्यात सर्टिफिकेटांचा व्याप. पण तो टीसीपी 443 वर, म्हणजे सुरक्षित वेबसाइटं वापरतात त्याच पोर्टवर, चालवता येतो. होस्टेलचं वायफाय यूडीपी अडवत असेल तर तोच ठेवा.

सीजीनॅट असेल तर मी टेलस्केलच सांगेन. आत वायरगार्डच आहे. दोन्हीकडची मशीनं स्वतःहून बाहेर जोडतात, थेट वाट सापडली नाही तर रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्गे, जातात. रिले हळू चालतो, पण एसएसएचला (दुरून सर्व्हरवर कमांड देण्याला) पुरतो. घरातलं एक मशीन सबनेट राउटर केलं (घरच्या बाकी उपकरणांपर्यंत वाट देणारं) की कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआरही दिसतो. मात्र सर्व्हरची की एक्स्पायरी (किल्लीची मुदत) आधीच बंद करा. ती मुळात 180 दिवसांची असते. संपली की पुन्हा लॉगिन करायला घरी माणूस लागू शकतो, आणि बाबांना ते फोनवरून सांगणं सोपं नाही.

लॉगिन दुसऱ्या कंपनीच्या हाती नको असेल, तर छोटा व्हीपीएस (सार्वजनिक आयपी असलेला ऑनलाइन सर्व्हर) भाड्याने घेऊन त्यावर वायरगार्ड बसवा, घरच्या बाजूला परसिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवायला दर काही सेकंदांनी पाठवायचा संदेश) 25 ठेवा. दरमहा भाडं आणि अपडेट मात्र तुमच्याकडे.

काहीही निवडा, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगांत) लाइन आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सेटिंग आजच लावा. मशीनच बंद राहिलं तर यातलं एकही व्हीपीएन जोडणार नाही.