विश्रामबागेतला हिरड्यांचा दवाखाना, आईला दाखवलं त्याबद्दल

आईच्या हिरड्यातून रक्त यायचं, दोन दात हलायला लागलेले, आणि घरात सगळ्यांचं ठरलेलं की आईच्या माहेरी असंच असतं, रक्तातच आहे. आधी दुसरीकडं दाखवलं तर बघितल्या बघितल्या दात काढा म्हणाले. मग सांगलीत विश्रामबागला हिरड्यांच्या स्पेशालिस्ट मॅडमकडं नेलं आणि खरंच समाधान वाटलं. खुणा असलेली बारीक सळई घालून त्यांनी एकेका दाताभोवती हिरडी किती सुटलीय ते मोजलं, 3 मिलिमीटरपर्यंत ठीक असतं, आईच्या मागच्या दाढांना 6-7 निघालं. आकड्यांचा कागद आम्हालाही दिला, हे मला फार आवडलं.

रक्तातच आहे म्हटल्यावर मॅडमनी ते उडवून लावलं नाही. म्हणाल्या, 2013 साली अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीनं गोरे, काळे, चिनी आणि लॅटिनो अशा 192 लोकांच्या तोंडातले जंतू तपासले, सगळे मिळून 400 च्या आसपास प्रकार आणि त्यातले सगळ्यांच्यात सापडणारे फक्त 2 टक्के, म्हणजे वंशाप्रमाणं जंतूंचा मेळ बदलतो, हिरडीखाली तर जास्तच. पण काकू, त्यात आपली माणसं नव्हती, आणि जंतू वेगळे म्हणून दात जाणारच असं कुठंय, तुमच्या माहेरी सगळ्या मिश्री लावायच्या का? आई म्हणाली हो, मी पण लावते की. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, आतला आजार लपतो आणि जखम भरायलाही वेळ लागतो हे त्यांनी तिला न रागावता समजावलं, आणि शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही म्हणून आधी तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर तपासायला लावली. घराण्यावर ढकलून गप्प बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मग क्लिनिंग, नंतर भूल देऊन हिरडीखालचं कीटण काढलं. माउथवॉश थोडेच दिवस वापरा, जास्त वापरला की दातांवर डाग पडतात हे पण आधीच सांगितलं. आता रक्त थांबलंय, मिश्री बंद आहे.

खर्च कमी नाही पण आधी लिहून देतात. संध्याकाळी अपॉइंटमेंट असूनही बसावं लागतं, आणि जिना चढायचा आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होतो, त्याचं काहीतरी करायला पाहिजे. एक दात घट्ट झालाय, दुसरा अजून हलतोय, त्याचं पुढच्या मोजणीनंतर बघू म्हणाल्यात.